गोळी झाडण्यापूर्वीचा हिशेब

श्रोतेहो,

शिकार म्हटले की आपल्याला आधी बंदूक आठवते, मग नेम आठवतो आणि मग ज्या क्षणाच्या गोष्टी रंगवून सांगितल्या जातात तो क्षण आठवतो. अलास्काच्या अंतर्भागात, रस्त्यापासून कित्येक मैल दूर, कनू नावाच्या हलक्या नावेतून एकट्याने केल्या जाणाऱ्या मूसच्या शिकारीविषयी बोलायचे तर मात्र सुरुवात तराजूपासूनच करावी लागते. मूस हे हरणांच्या कुळातले जगातले सर्वांत मोठे जनावर आणि त्यातही अलास्का-युकॉन भागातली जात सर्वांत थोराड. तिथला पूर्ण वाढलेला, भरात असलेला नर १,६०० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ७२५ किलोपर्यंत भरतो. अलास्काच्या मत्स्य व वन्यप्राणी खात्याच्या हिशेबाने असे जनावर साफ केल्यावर सुमारे ४३० किलो उरते आणि त्यातून खाण्याजोगे मांस निघते सुमारे २२५ किलो. आपल्या मेळघाटात किंवा ताडोब्यात हिंडणारे सांबर याच कुळातले. एका मोठ्या मूसचे हाडांविना निव्वळ मांस म्हणजे अशा एखाद्या थोराड जिवंत सांबराचे अख्खे वजन झाले. हे सगळे एका माणसाने, एका नावेतून, बर्फ पडायच्या आत आणि नासू न देता घरी न्यायचे असते. या शिकारीतले बाकी सगळे निर्णय या एका गरजेतून निघतात आणि माझ्या मते एकट्या शिकाऱ्याची खरी पारख, समोर आलेल्या कोणत्या जनावराला त्याने सोडून दिले, यावरून होते.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची त्यातली दुरुस्ती यांमुळे शिकार हा विषय कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ संपलेला आहे. त्यामुळे ‘कायदेशीर शिकार’ हे शब्द ऐकताच आपल्यातल्या अनेकांच्या कपाळावर आठी पडते. मी इथे तिची वकिली करायला उभा नाही. अलास्काची परिस्थिती मात्र वेगळी आहे, एवढे ध्यानात घ्यावे. महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठ्या त्या राज्यात माणसे साडेसात लाखांच्या आत आणि मूस सुमारे पावणेदोन ते दोन लाख. दर वर्षी त्यांपैकी सहा ते आठ हजार मूस शिकारीत मारले जातात आणि त्यांचे मांस प्रामुख्याने घरोघरच्या फ्रीझरमध्ये जाते. ज्या गावात किराणा विमानाने येतो, तिथे एक मूस म्हणजे कुटुंबाच्या हिवाळ्याची बेगमी असते. परदेशातून येणाऱ्याला तिथे परवानाधारक वाटाड्याशिवाय मोठ्या जनावराची शिकार करता येत नाही. मी ज्याच्याविषयी बोलतो आहे तो शिकारी तिथला रहिवासी आहे, असे समजावे.

कायद्यातल्या दोन-तीन अटी आधीच सांगितल्या पाहिजेत, कारण त्यांच्यामुळे शिकाऱ्याचे हात चांगलेच बांधलेले असतात. पहिली अट मांसाची. मूस मारला की मान, छाती, फासळ्यांवरचे मांस, पुढचे दोन्ही फरे, मागच्या दोन्ही रानी आणि पाठीचे पट्टे, यातले खाण्याजोगे सगळे उचलून आणलेच पाहिजे. ते रानात टाकून येणे हा गंभीर गुन्हा आहे. काही विभागांत तर फरे, रानी आणि फासळ्या यांचे मांस हाडांसकटच बाहेर आणावे लागते, कारण हाडावरचे मांस कमी नासते आणि मागे किती टाकले हे तपासणाऱ्यालाही कळते. दुसरी अट शिंगांची. मांसाची शेवटची खेप जागेवरून निघेपर्यंत शिंगे हलवता येत नाहीत. शिंगे मिरवत आधी परतायचे आणि मांस कोल्ह्या-अस्वलांना सोडायचे, या जुन्या खोडीला त्यामुळे आळा बसला. तिसरी अट विमानाची. शिकारीच्या जागी विमानाने उतरलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी पहाटे तीन वाजेपर्यंत मूसवर गोळी झाडता येत नाही, म्हणजे वरून जनावर हेरायचे, शेजारी उतरायचे आणि मारायचे, हा प्रकार बंद. पाण्यात पोहत असलेल्या मूसला मारणेही निषिद्ध आहे.

आता कनूविषयी. या कामाला साधारण १७ फुटांची, दोन माणसांसाठी बांधलेली कनू घेतात. पूर्वी ती बहुधा ग्रमन कंपनीची ॲल्युमिनियमची असे, दगडावर घासली की मैलभर ऐकू जाई. आज प्लॅस्टिकच्या नावा जास्त दिसतात आणि जिथे छोट्या विमानाने जायचे असते तिथे ॲलीसारख्या, पिशवीत मावणाऱ्या घडीच्या कनू नेतात. कंपनी सांगते ती वहनक्षमता सुमारे ४५० ते ५०० किलोची असते, पण जाणता माणूस नावेची कड पाण्याच्या किमान सहा इंच वर राहील एवढाच भार घालतो. आता बेरीज करून पाहा. शिकारी ८० किलो. तंबू, अन्न, बंदूक, दोर, कुऱ्हाड आणि कपडे मिळून ७०. हाडांसकट मांस २७० च्या आसपास. कवटीसह शिंगे आणखी पंचवीस-तीस. एकूण साडेचारशे झाले, नाव भरली. दुसरा माणूस आणि त्याचे बिऱ्हाड यांना जागा उरली नाही. एकट्याने जाण्यामागे निसर्गाच्या सहवासाची आध्यात्मिक ओढ असते, असे चित्रपटांनी आपल्या मनावर ठसवले आहे. ती असेलही. पण एका कनूत दोन माणसे आणि एक मूस मावत नाहीत, हे कारणही तितकेच खरे आहे. दोघे मिळून जातात तेव्हा शहाणे लोक दोन नावा नेतात.

दोन माणसांची नाव एकट्याने चालवायची युक्तीही साधी आहे. नाव उलटी फिरवायची आणि पुढच्या माणसाच्या बैठकीवर मागे तोंड करून बसायचे, म्हणजे माणूस मध्याच्या जवळ येतो आणि नावेचे नाक वाऱ्यावर वर उचलले जात नाही. रिकाम्या नावेपेक्षा मध्यभागी खाली नीट भार भरलेली नाव पाण्यात अधिक स्थिर असते, पण ती वळते सावकाश. भरलेल्या कनूला वळण दिसल्यावर वळवून उपयोग नसतो, वळणाच्या बऱ्याच आधीपासून तिला कामाला लावावे लागते. अनुभवी वल्हेकरी अशा वेळी प्रवाहाशी स्पर्धा करत नाही. नावेची शेपटी आतल्या काठाकडे वळवून तो उलटे वल्हे मारत राहतो, वेग मोडतो आणि तिरक्या प्रवाहाच्या जोरावर नाव आतल्या, उथळ बाजूला सरकवतो.

बाहेरच्या बाजूला धोका असतो. अलास्कातल्या नद्या बाहेरचा काठ सतत पोखरतात. त्या काठावरचे स्प्रूस, म्हणजे तिथले सूचिपर्णी वृक्ष, मुळासकट कलंडतात आणि आडवे होऊन पाण्याच्या वर वीतभर अंतरावर लोंबत राहतात. त्यांच्याखालून पाणी आरपार जाते, माणूस अडकतो. अनेक झाडे एकमेकांत गुंतून पूर्ण पात्र अडले असेल तर नाव काठाला घेऊन सगळे सामान उतरवायचे, पलीकडे वाहून न्यायचे आणि परत भरायचे, एवढेच हाती उरते. जाताना, नाव हलकी असताना, हे अर्ध्या तासाचे काम असते. मूस भरल्यावर त्यात अख्खा दिवस जातो. म्हणून जाणता शिकारी शिकारीच्या जागेच्या खालची नदी कशी आहे याची चौकशी आधी करतो. नदीचा वरचा भाग कितीही सुंदर असला आणि मूस कितीही असले, तरी खालची वाट अडलेली असेल तर ती नदी त्याच्या कामाची नसते.

अंतर्भागातल्या फेअरबँक्स शहराच्या उत्तरेला व्हाइट माउंटन्समधून निघणारी बीव्हर क्रीक हे याचे चांगले उदाहरण. १९८० मध्ये तिला राष्ट्रीय ‘वाइल्ड रिव्हर’चा दर्जा मिळाला. तिचे पाणी नितळ आहे, प्रवाह बव्हंशी सौम्य आहे आणि वरच्या बाजूला नोम क्रीकपर्यंत गाडीने जाता येते. पण एकदा नाव पाण्यात सोडली की शंभराहून अधिक मैल रस्ता नाही. मग एखाद्या गोट्यांच्या पट्ट्यावर छोटे विमान बोलवायचे किंवा युकॉन फ्लॅट्सचा प्रचंड सपाट, पाणथळ प्रदेश ओलांडून युकॉन नदीला लागायचे आणि तिच्यावरच्या डाल्टन हायवेच्या पुलापर्यंत वल्हवत राहायचे. विमान बोलवायचे तर सुपर कबसारखे विमान एका वेळी काहीशे पौंडच उचलते. त्यामुळे मांस आधी जाते, माणूस आणि शिंगे नंतर. हवामान बिघडले तर शेवटच्या खेपेसाठी माणसाला काठावर दोन-तीन दिवस बसून राहावे लागते आणि तेवढी शिधासामग्री हाताशी ठेवूनच नियोजन करावे लागते.

हंगाम बहुतेक ठिकाणी सप्टेंबरात असतो आणि अंतर्भागातल्या कित्येक विभागांत तो २५ तारखेच्या आसपास संपतो. हा काळ मोठा नेमका आहे. डास गेलेले असतात, बर्चची पाने पिवळी होऊन गळू लागलेली असतात, रात्री पाणी गोठते आणि दिवस रोज जवळजवळ सात मिनिटांनी आखूड होत जातो. नर मूस याच सुमारास माजावर येऊ लागतात. ऐन माज सप्टेंबरच्या अखेरीस आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला असतो, म्हणजे नर बोलावण्याला सर्वांत चांगला प्रतिसाद देऊ लागतात तेव्हाच हंगाम आटोपत आलेला असतो. माजातला नर खाणे जवळजवळ सोडतो, खुरांनी खड्डे उकरून त्यात मुततो, त्यात लोळतो आणि त्याच्या मांसालाही तो वास लागू शकतो. म्हणून फ्रीझर भरायला निघालेले पुष्कळ लोक महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातच जातात, जरी तेव्हा उन्हामुळे मांस टिकवणे अवघड असते. लवकर जावे तर माश्या आणि ऊन, उशिरा जावे तर बर्फ आणि माजाचा वास.

बोलावणे म्हणजे मादीची हाक काढणे. नाकातून ओढलेली, लांब, विव्हळणारी हाक. नराचा आवाज त्याउलट तुटक, घशातला हुंकार असतो. पूर्वी बर्चच्या सालीचा कर्णा करून त्यातून ही हाक काढत, आजही काही जण काढतात, बाकीचे ओंजळीतून. हाकेपेक्षा मला आवडते ती घासण्याची युक्ती. मूसच्या खांद्याचे वाळलेले हाड विलोच्या झुडपांवर खरडले की दुसरा नर शिंगे घासतो आहे असे ऐकणाऱ्या नराला वाटते आणि तो भांडायला येतो. हाड नसेल तर वल्हे चालते. काही जुने शिकारी तर तळ्याकाठी डब्यातून उंचावरून पाण्याची धार सोडतात, कारण मादीच्या मुतण्याचा आवाज नराला बोलावणे वाटतो. हे करताना थोडे हास्यास्पद दिसते, पण पाहायला कोणी नसते, एकट्याने शिकार करण्याचा हाही एक फायदा. मूसचे कान अतिशय तिखट असतात. ग्वेल्फ विद्यापीठातले जॉर्ज ब्युबेनिक आणि त्यांचे सहकारी पीटर ब्युबेनिक यांनी २००८ मध्ये दाखवून दिले की नराची सुपासारखी रुंद शिंगे आवाज गोळा करून कानाकडे परतवतात. म्हणून दूरवरची हाकही तो बरोबर हेरतो आणि कधीकधी हाक मारल्याच्या दुसऱ्या दिवशी अगदी त्याच जागी येऊन उभा राहतो. येतो तेही बरेचदा आवाज न करता, वाऱ्याच्या खालच्या अंगाला वळसा घालून. ७०० किलोचे जनावर विलोच्या दाट झुडपांतून निःशब्द येऊ शकते, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही.

आता तो आला आहे असे धरू. इथे बहुतेक गोष्टींत गोळी सुटते. पण हिशेबाच्या दृष्टीने प्रश्न इथे सुरू होतात. पहिला प्रश्न कायद्याचा. अनेक विभागांत किमान ५० इंच रुंद शिंगांचा किंवा कपाळाकडच्या टोकांची ठरावीक संख्या असलेला नरच मारता येतो. दोन डोळ्यांमधले अंतर सुमारे १० इंच असते, त्या मापाने रुंदीचा अंदाज घेतात, पण मान वळलेली असेल तर तो फसतो. शंका आली की सोडून द्यायचे, ही तिथली शिकवण आहे. दुसरा प्रश्न अंतराचा. मूस नदीपासून एक मैल आत उभा असेल, तर हाडांसकट मांस पाठीवरून आणायला आठेक खेपा होतात. जातायेता ती पंधरा-सोळा मैलांची पायपीट होते आणि त्यातली निम्मी पस्तीस किलो पाठीवर घेऊन. जिथे हाड काढायला परवानगी नाही तिथे मागची रान अख्खीच उचलावी लागते आणि ती मोठ्या नराची असेल तर पन्नास-साठ किलोंची असते. त्यातच तिथली जमीन म्हणजे पाणथळ शेवाळ आणि गवताचे डगमगते पुंजके, ज्यांवर पाय ठेवला तर तो मुरगळतो आणि मध्ये ठेवला तर गुडघ्यापर्यंत रुततो. जाणते शिकारी काठापासून काहीशे मीटरांच्या पलीकडचा मूस पाहतात, त्याचे कौतुक करतात आणि बसून राहतात.

तिसरा प्रश्न पाण्याचा. मूसला पाणवनस्पतींतले क्षार हवे असतात, धोका वाटला की पाण्याचा आसराही तो घेतो, त्यामुळे उथळ पाण्यात उभा असलेला मूस ही नेहमीची गोष्ट आहे. कमरेएवढ्या पाण्यात कोसळलेले ७०० किलोचे जनावर एकटा माणूस बाहेर ओढू शकत नाही. दोर, कप्पी आणि हाताने फिरवायची चरखी असली तरी नाही, जवळ भक्कम झाड असेल आणि नशीब असेल तरच. पाण्यातच कापावे तर हात बधिर होतात आणि मांस गाळाने माखते. तेव्हा तो काठावर येईपर्यंत थांबायचे, आला नाही तर सोडायचे. चौथा प्रश्न दिवसाचा. संध्याकाळी सात वाजता मारलेल्या मूसचे काम अंधारात, अस्वलांच्या प्रदेशात, डोक्यावरच्या बॅटरीच्या उजेडात करायचे का, हे प्रत्येकाने आपल्यापुरते ठरवायचे असते. आणि पाचवा प्रश्न, नदीच्या कोणत्या टप्प्यावर? कनू भरल्यावर प्रवाहाविरुद्ध वल्हवता येत नाही, त्यामुळे सगळा भार एकाच खेपेत, खालच्या दिशेनेच जाणार. तेव्हा मुक्कामाची मोठी सामग्री मारलेल्या जागेच्या वरच्या अंगाला पडून असेल, तरी पंचाईत.

या सगळ्यांतून पार पडलेला मूस काठाजवळ, कोरड्या जागी, सकाळी, आडवा उभा असेल, तर .३०-०६ सारख्या नेहमीच्या बंदुकीने शंभरेक मीटरांवरून, पुढच्या पायामागे फुप्फुसात गोळी घालणे हे फार अवघड काम नव्हे. गोळी लागल्यावर त्याच्या मागे धावायचे नाही. घाई केली तर तो उठून नेमका पाण्यात जातो.

पडलेला मूस एकटा माणूस उताणा करू शकत नाही, म्हणून त्याला ज्या कुशीवर पडला असेल त्या कुशीवर ठेवूनच काम सुरू करतात. वरचा पुढचा पाय दोराने ओढून झाडाला बांधायचा. पाठीच्या कण्यावरून कातडे फाडून पोटाकडे सोलत न्यायचे आणि ते जमिनीवर पसरायचे, म्हणजे मांसाला माती लागत नाही. पुढच्या फऱ्याला कण्याशी जोडणारा हाडांचा सांधा नसतोच. काखेतून सुरी फिरवत गेले की नुसत्या स्नायूंवर धरलेला तो फरा हळूहळू सुटतो आणि अचानक सगळा भार अंगावर येतो. मागच्या रानीला खुब्याचा गोल सांधा शोधून त्याची शीर कापावी लागते. नराची ओळख पटवणारा अवयव एका रानीला तसाच लागलेला ठेवावा लागतो, तोही कायदाच. मग पाठीचा पट्टा, मान, फासळ्यांवरचे मांस आणि शेवटच्या फासळीमागून हात घालून आतला कोवळा पट्टा. आतडी बाहेर न काढता एक बाजू अशी पूर्ण झाली की उरलेला भार जवळजवळ निम्मा होतो आणि मग दोर-कप्पीने जनावर दुसऱ्या कुशीवर उलटवता येते. सरावलेल्या माणसालाही एकट्याने यात सहा-सात तास लागतात. सुरीची धार दर पाच-दहा मिनिटांनी जाते, कारण मूसचे केस पोकळ आणि चिवट असतात. त्या कातड्यात उष्णता इतकी कोंडलेली असते की बाहेर पाणी गोठत असतानाही खुब्याच्या हाडाभोवतीचे मांस आतल्या आत आंबू लागते. म्हणून कातडे लवकर उतरवणे आणि प्रत्येक तुकडा हवेशीर सुती पिशवीत घालून टांगणे, ही दोन कामे सर्वांत आधी. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलेले मांस दुसऱ्या दिवशी चिकट होते. काठावर स्प्रूसच्या आडव्या दांड्याला टांगलेल्या पिशव्यांवर नदीवरचा वारा लागला की बाहेर कोरडी पापडी धरते आणि मग माशी बसत नाही. काही जण पिशव्यांवर सायट्रिक ॲसिडचे पाणी फवारतात, जुने लोक मिरपूड चोळत.

या कामातले अपयश कसे असते, हे क्रिस्टोफर मॅकँडलेस या तरुणाच्या शोकांतिकेत जगाला दिसले. १९९२ च्या जूनमध्ये अलास्कातल्या स्टॅम्पीड ट्रेल या रानवाटेवर एकट्याने राहत असताना त्याने मूस मारला. पण उन्हाळ्याची ऊब, माश्या आणि धुरी देण्याचे अपुरे ज्ञान यांमुळे बहुतेक मांस वाया गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो उपासमारीने मरण पावला. त्याची रोजनिशी पुढे प्रसिद्ध झाली, मूस मारल्याचा त्याला झालेला पश्चात्ताप तिच्यात आहे. त्याच्या वृत्तीविषयी लोक आजही भांडतात. मला त्या वादात रस नाही. जूनमध्ये एकट्याने मूस मारून टिकवणे हे तिथल्या जाणत्यांनाही कठीण वाटले असते, एवढेच नोंदवतो.

अस्वलांचे म्हणाल तर कापलेल्या जागेवर उरलेले आतड्यांचे ढीग ग्रिझलीला फार दुरून कळतात. म्हणून मांस तिथून शंभरेक मीटर तरी दूर, मोकळ्या, चहूबाजूंनी दिसणाऱ्या जागी नेऊन ठेवतात. परत येताना दुरून हाका मारत, वाऱ्याची दिशा पाहत यायचे. अस्वल मांसावर बसलेले असेल तर ते आता त्याचे झाले असे समजून मागे फिरायचे. अनेक जण आता बॅटरीवर चालणारे छोटे विजेचे कुंपण नेतात आणि ते उपयोगी पडते.

परतीचे वल्हवणे हा भाग लोक सहसा गोष्टीतून गाळतात, पण थकवा तिथेच गाठतो. हात कापलेले, झोप झालेली नाही, नाव पाण्यात खोल बसलेली आणि पाणी बर्फापेक्षा थोडेच ऊबदार. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी थंड पाण्यात पडलेल्या माणसाविषयी जे सूत्र दिले आहे ते प्रत्येक वल्हेकऱ्याने पाठ करावे. पहिले एक मिनिट श्वास आवरायचे, पुढची सुमारे दहा मिनिटे हातपाय कामाचे असतात आणि साधारण एका तासाने गारठून शुद्ध हरपते. कामाची ती दहा मिनिटे वापरून माणूस काठाला लागला, तरी काडेपेटी आणि उपग्रहाचा संदेशवाहक नावेत राहिले असतील तर तो संकटातच आहे. म्हणून या दोन वस्तू खिशात हव्यात आणि जीवनरक्षक जाकीट अंगावर, पिशवीत नव्हे. दुसरे कोणी तुम्हाला ओढायला नाही, एकट्याच्या प्रवासात हा फरक निर्णायक ठरतो.

इथे एक विसंगती मला नेहमी जाणवते. त्या प्रदेशातले मूळ रहिवासी, म्हणजे अथाबास्कन लोक, हजारो वर्षे मूसवर जगले. त्यांच्या बर्चच्या सालीच्या शिकारी कनू इतक्या हलक्या असत की एक माणूस ती सहज उचलून नेई. हिवाळ्यात ते बर्फाच्या पादुकांवरून मूसचा पाठलाग करत, फास लावत. पण मांस वाहून न्यायचा आजचा हा यक्षप्रश्न त्यांना पडत नसे, कारण मूस पडला की ते पुष्कळदा आपला तळच मूसजवळ नेत. बायका-मुले येत, मांस तिथेच वाळवले जाई, कातडे कमावले जाई. आजचा एकटा शिकारी मूसला घराकडे नेऊ पाहतो, ते घर मूसकडे नेत.

आणि त्यांच्यात मूस एकट्याचा कधीच नसतो. १९७५ मध्ये मिंटो गावात एका मयतानंतरच्या सामूहिक भोजनासाठी, ज्याला तिथे पॉटलॅच म्हणतात, गावातल्या लोकांनी हंगाम नसताना एक मादी मूस मारली. मांसाच्या वाहतुकीबद्दल कार्लोस फ्रँक यांच्यावर खटला भरला गेला आणि खालच्या न्यायालयांत ते दोषी ठरले. १९७९ मध्ये अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अंत्यविधीच्या त्या भोजनात मूसचे मांस हा धार्मिक विधीचाच गाभा आहे आणि ते नाकारण्याइतके सबळ कारण राज्याने दाखवलेले नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्या निकालात मूसचे किती वजन, किती मांस, असा हिशेब नाही. ते कोणाच्या ताटात जाते, हा प्रश्न आहे आणि अलास्कातल्या मूसविषयी बोलताना तो वगळला तर निम्मे चित्र हातून सुटते. त्या भोजनांत मूसच्या डोक्याचे सूप करतात आणि मूसचे नाक मानाचे समजले जाते.

फेअरबँक्सला परतलेल्या एकट्या शिकाऱ्याचे पुढचे दिवस बव्हंशी स्वयंपाकघरात जातात. मांस थंड जागी काही दिवस टांगून ठेवायचे, मग ते कापायचे, खिमा करायचा, कागदात गुंडाळून त्यावर तारीख घालायची. ज्याला हे जमत नाही तो खाटिकखान्यात देतो, वजनाप्रमाणे पैसे मोजतो. आणि मूस मारल्यापासून १५ दिवसांच्या आत त्याची माहिती खात्याला कळवायची असते: कोणत्या विभागात, किती तारखेला, शिंगे किती रुंद, वाहन कोणते. वाहनाच्या रकान्यात तो ‘नाव’ लिहितो. जे रिकाम्या हाताने आले त्यांनीही हंगाम संपल्यावर तसे कळवायचे असते, कारण किती जण गेले आणि किती जणांना मिळाले, या दोन्ही आकड्यांवरून पुढच्या वर्षी त्या विभागात हंगाम किती दिवसांचा ठेवायचा आणि शिंगांची अट कोणती लावायची, याचा विचार होतो.